वूसोंगचा गाळ

यांगत्से नदी समुद्राला मिळण्याच्या बेतात असताना तिच्या उजव्या काठाला हुआंगपू नावाची एक लहान नदी येऊन मिळते. त्या संगमावरचं गाव म्हणजे वूसोंग. तिथून हुआंगपूत शिरून वीसेक किलोमीटर वर गेलं की शांघाय लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या परदेशी व्यापाराचा फार मोठा हिस्सा या वीस किलोमीटरांतून ये-जा करत होता आणि त्या वाटेच्या तोंडाशीच गाळाचा आडवा पट्टा पसरलेला होता. आणखी थोडं आत, नदीतल्या एका बेटाजवळ, दुसरा पट्टा. मोठी जहाजं भरतीची वाट बघत बाहेर नांगर टाकून उभी राहायची, नाहीतर तिथेच पडावांत माल उतरवायची. तो माल मग रखडत शांघायला पोचायचा.

मी स्थापत्य शाखेची. बंदरांविषयी वाचायची सवय कॉलेजात लागली आणि नंतर सुटली नाही. पण वूसोंगच्या गाळात माझं मन अडकलं ते तांत्रिक कारणाने नव्हे, त्या गाळावरून तीस-चाळीस वर्षं चाललेल्या भांडणाने. शांघायच्या परदेशी व्यापाऱ्यांना तो काढायचा होता. चीनवर तेव्हा छिंग घराण्याचं राज्य होतं. त्या छिंग दरबारातल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना तो राहायला हवा होता. हा आमचा नैसर्गिक अडसर आहे, परक्या युद्धनौकांना तो आपोआप थोपवतो, असं त्यांचं म्हणणं. परदेशी मंडळी या युक्तिवादाची टर उडवत. प्रगतीला घाबरणाऱ्या मागास राज्यकर्त्यांचं हे लक्षण, अशीच त्यांची समजूत होती.

मला ते अधिकारी मागास वाटत नाहीत. वूसोंगने काय काय पाहिलं होतं ते एकदा डोळ्यांपुढे आणावं. अफूचा व्यापार बेकायदा होता त्या काळात अफूची साठवण करणारी जहाजं याच वूसोंगबाहेर नांगरून पडलेली असत. त्यांत मुंबई बंदरातून चढवलेली माळव्याची अफूही असे. या कथेत आपलं गाव असं येतं, आणि ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही. पुढे १६ जून १८४२ रोजी ब्रिटिश आरमाराने वूसोंगच्या किल्ल्यांवर तोफा डागल्या. तिथले सेनापती छन हुआछंग साठी ओलांडलेले होते. ते तोफखाना सोडून हटले नाहीत, तिथेच पडले. शांघाय त्यानंतर काही दिवसांतच ब्रिटिशांच्या हाती गेलं. १८७६ साली परदेशी कंपन्यांनी शांघायहून वूसोंगच्या दिशेने आगगाडी सुरू केली. जागा घेताना मात्र साधा रस्ता करतोय, एवढंच सांगितलं होतं. सरकारने ती आगगाडी विकत घेतली आणि १८७७ मध्ये रूळ उखडून टाकले. आगगाडी उखडणारे अडाणी, अशी ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. फसवून बांधलेली वस्तू पैसे मोजून घ्यायची आणि मोडायची, यात मला अडाणीपणा दिसत नाही. दारातून आत येणारा प्रत्येक नवा माणूस काहीतरी हिसकावून नेतो हे ज्याला अनुभवाने कळलंय, तो दार रुंद करायला तयार होणार नाही.

अखेर तो पट्टा काढायचं ठरलं ते पराभवातून. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर ७ सप्टेंबर १९०१ रोजी चीनवर जो तह लादला गेला, त्याच्या अकराव्या कलमात दोन नद्या आल्या. उत्तरेला तिआनजिनची पैहो, म्हणजेच हायहे, आणि शांघायची हुआंगपू. हुआंगपूसाठी एक मंडळ नेमायचं आणि वर्षाला ४,६०,००० हायक्वान ताएल (चिनी जकातीच्या हिशेबातलं चांदीचं माप) इतका खर्च वीस वर्षं करायचा, निम्मा चीनने आणि निम्मा परदेशी हितसंबंधीयांनी. युद्धाची भरपाई ठरवणाऱ्या, किल्ले पाडायला लावणाऱ्या कागदात नदीच्या खोलीचं कलम असावं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकले होते.

त्यानंतर चीनने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाटतं. १९०५ च्या सप्टेंबरात नवा करार झाला आणि त्यात चीन सरकारने संपूर्ण खर्च स्वतःच्या अंगावर घेतला. परदेशी लोक निम्मे पैसे द्यायला बांधील असताना ते नाकारून दुप्पट भार उचलायचा! खजिना तर रिकामा होता. पण त्या बदल्यात काम शांघायच्या दाओताईच्या, म्हणजे तिथल्या चिनी विभागीय अधिकाऱ्याच्या, आणि जकात आयुक्ताच्या देखरेखीखाली आलं. नदीवर मालकी आपली आहे, एवढंच कागदावर राहावं म्हणून मोजलेली ती किंमत होती. जकात आयुक्तही परदेशीच असायचा, तेव्हा ती मालकी किती खरी होती हा प्रश्न उरतोच. तरी ती किंमत मोजणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो.

कामावर नेमला गेला योहानिस डे राइक हा डच इंजिनिअर. जन्म १८४२ चा. १८७३ पासून तीस वर्षं तो जपानात होता. ओसाकाची योदो नदी, नागोयाजवळच्या किसो आणि तिच्या दोन शेजारणी, डोंगरातून वाहून येणारा गाळ उगमाजवळच अडवणं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. विशेष म्हणजे शांघायच्या व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने आणि त्याचा सहकारी एशर याने १८७६ मध्येच वूसोंगच्या गाळाचा अभ्यास करून अहवाल दिला होता. तेव्हा तो पस्तिशीही न गाठलेला माणूस होता. तो अहवाल भांडणात अडकून पडला, आणि त्याच नदीचं काम त्याच्या हाती आलं तेव्हा त्याने साठी पार केली होती. इतकी वर्षं एका नदीचा आराखडा डोक्यात बाळगून दुसऱ्या देशातल्या नद्यांवर राबायचं म्हणजे काय, याचा मी अनेकदा विचार करते.

आता नदीकडे येऊ. कारण हे काम समजल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

हुआंगपू ही खाडीसारखी नदी. दिवसातून दोनदा यांगत्सेच्या मुखातून भरतीचं पाणी तिच्यात शिरतं आणि दोनदा ओहोटीबरोबर बाहेर पडतं. यांगत्सेचं पाणी गढूळ. भरतीबरोबर तो बारीक गाळ आत येतो, पाणी थबकतं तेव्हा खाली बसतो आणि ओहोटीला जोर असेल तर उचलला जाऊन पुन्हा बाहेर पडतो. नदी खोल राहणार की उथळ होणार हे सगळं ओहोटीच्या जोरावर. वूसोंगच्या आत एक बेट होतं, इंग्रजी नकाशांत त्याचं नाव गॉफ बेट. त्या बेटाने नदीचे दोन फाटे केले होते. पूर्वेकडून जहाजांची वाट, पश्चिमेकडून चिनी शिडाच्या जंक होड्यांची. पाणी दोन्हीकडे वाटलं जायचं, म्हणून जोर कुठेच पुरा नसायचा. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी लांब उडतं, मोकळं सोडलं की पायाशी सांडतं. हुआंगपू तशी पायाशी सांडत होती.

डे राइकने ठरवलं की एक फाटा बंद करायचा. यात नवल नाही. पण त्याने बंद केला तो जहाजांचा फाटा! वर्षानुवर्षं आगबोटी ज्या वाटेने जात होत्या ती बुजवायची आणि जंक होड्यांची उथळ वाट खोल करून सगळी नदी तिकडून न्यायची. कारण असं की वरून येणारा प्रवाह आणि खाली यांगत्सेत पडणारं मुख यांना एका सलग वळणात जोडायला तीच वाट योग्य होती. आज ज्या वाटेने जहाजं जातात ती सोडून वीस वर्षांनी नदी जिच्यातून आपणहून वाहत राहील ती वाट निवडायची, याला डोळा लागतो आणि धाडसही लागतं. काम चालू असताना जुनी वाट बुजत चाललेली आणि नवी अजून तयार नाही, असा काळ आला असणारच. तेव्हा शांघायच्या व्यापाऱ्यांच्या पोटात कसा गोळा उठला असेल, ते सांगायला नको.

मुखाशी, डाव्या काठाला, त्याने पाण्यात एक लांब वळणदार बांध घातला. चिखलाच्या तळावर नुसता दगड टाकला तर तो रुतत जातो आणि बाजूची माती पाणी खरवडून नेतं. म्हणून आधी झाडांच्या बारीक फांद्यांच्या मोळ्या बांधायच्या, त्या उभ्या-आडव्या रचून प्रचंड चटया विणायच्या, त्या पाण्यावर तरंगत जागेवर ओढून न्यायच्या आणि वर दगड लादून बुडवायच्या. चटई वजन पसरवते आणि खालचा चिखल धरून ठेवते. मग तिच्यावर बांध. हे डचांचं शतकानुशतकांचं तंत्र. पण चीनमध्येही पिवळ्या नदीच्या बांधांवर ज्वारीच्या जातीच्या धान्याची धाटं आणि माती यांचे भलेमोठे गुंडाळे करून खिंडारं बुजवत आले होते. फांद्या बांधणाऱ्या, चटया विणणाऱ्या चिनी मजुरांच्या हातांना हे काम परकं वाटलं नसावं. इतिहासात इंजिनिअरांची नावं उरली. ते हात मात्र बेनाम राहिले.

परदेशी ज्ञान आलं आणि चीनची नदी सुधारली, असं हे प्रकरण सहसा मांडलं जातं. त्याला माझी हरकत आहे. मुळात हुआंगपूचं आजचं मुखच माणसाने घडवलेलं आहे. १४०३ च्या सुमारास, मिंग सम्राट योंगलच्या काळात, महसूलमंत्री श्या युआनजी याच्यावर या भागातल्या पुरांची जबाबदारी आली. तेव्हा मुख्य नदी होती वूसोंग नदी, जिला आज शांघायमध्ये सुचौ खाडी म्हणतात. ती गाळाने इतकी भरली होती की ती उपसण्यात अर्थ नव्हता. ये झोंगशिंग नावाच्या एका स्थानिक विद्वानाने सुचवलं की तिचा नाद सोडा, फानजिया नावाचा ओहोळ रुंद करून हुआंगपूचं पाणी त्यातून समुद्राकडे न्या. श्या युआनजीने ते मानलं. तेव्हापासून हुआंगपू थोरली झाली आणि वूसोंग नदी तिची उपनदी. मुखाला मात्र जुन्या नदीचं नाव राहिलं. डे राइकने पाच शतकांनी जे केलं तेही हेच, भरलेली वाट सोडायची आणि दुसरीला सगळं पाणी द्यायचं.

सोळाव्या शतकातल्या पान जीशुनने तर यामागचं सूत्रच मांडून ठेवलं होतं. पिवळ्या नदीवर आयुष्य घातलेला हा अधिकारी सांगे की नदीला आवळा, पाण्याचा वेग वाढवा, म्हणजे पाणीच गाळावर हल्ला करील. खोदत बसू नका. पिवळी नदी एकाच दिशेने वाहणारी, हुआंगपू भरती-ओहोटीची, त्यामुळे हिशेब वेगळे. पण विचाराची मुळी तीच. डे राइकला पान जीशुन माहीत असो वा नसो, दोघं एका बाकावर बसले असते तर अर्ध्या तासात त्यांचं जमलं असतं, याची मला खात्री आहे.

मी वूसोंगला गेले ती एका उन्हाळी दुपारी. किल्ल्यांच्या जागी आता पाओताइवान नावाचं पाणथळ उद्यान आहे. पोलाद कारखान्याची मळी टाकून झालेल्या भरावावर ते उभारलंय. लाकडी पायवाटेवरून कठड्याशी गेलं की समोर बांध पाण्यात शिरलेला दिसतो आणि टोकाला दीपस्तंभ. तिथले लोक तीन पाण्यांच्या भेटीबद्दल सांगतात. हुआंगपूचं हिरवट, यांगत्सेचं मातकट आणि भरतीबरोबर येणारं समुद्राचं. मला त्या दिवशी दोनच रंग दिसले, पण त्यांच्यामधली रेघ स्पष्ट होती. जहाजांची रांग थांबत नव्हती. कंटेनर, वाळूचे बार्ज, पांढरी प्रवासी बोट. शेजारी एक आजोबा नातवाला जहाजांची नावं वाचून दाखवत होते. मी त्या बांधाकडे बघत राहिले. शंभराहून जास्त वर्षं रोज चार वेळा पाणी दिशा बदलतंय आणि तो त्याला वळण देतोय.

१९१० पर्यंत डे राइकचे पैसे संपले. वीस वर्षांसाठी आखलेला खर्च फार लवकर उरकला होता आणि टीकाही झाली. तो शांघाय सोडून गेला आणि १९१३ मध्ये आम्सटरडॅमला वारला. त्याच्या जागी स्वीडनचा फॉन हायडेनस्टाम आला. १९१२ मध्ये मंडळाची नव्याने रचना झाली आणि खर्चासाठी जकातीवर तीन टक्क्यांचा अधिभार बसला. म्हणजे शांघायमधून जाणारी कापसाची गाठ असो की चहाची पेटी, नदीचा वाटा तीत आला. हायडेनस्टाम १९२८ पर्यंत होता, नंतर ब्रिटिश हर्बर्ट चॅटली. हा चॅटली चिनी कालगणनेचा आणि जुन्या खगोलशास्त्राचाही अभ्यासक होता. हायडेनस्टामने यांगत्सेच्या मुखाची मापं घेतली आणि लक्षात आलं की हुआंगपू सुधारली, पण बाहेर यांगत्सेतच मोठा उथळ भाग आहे, जहाजं आता तिथे अडणार. १९२१ मध्ये देशोदेशीचे बंदरतज्ज्ञ शांघायला बोलावून त्यावर खल झाला. तो प्रश्न पुरता सुटायला एकविसावं शतक उजाडलं.

गाळ उपसून कुठे टाकायचा? एका जागी नदी रुंद आणि उथळ होती. तिथे बांध घालून आत गाळ भरत गेले आणि त्यातून बेट तयार झालं. आजचं फूशिंग बेट. जपानी ताबा होता तेव्हा तिथल्या बागेला जपानी वळण मिळालं. १९४९ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रवादी चीनचे नेते च्यांग काय-शेक मुख्य भूमी सोडण्याआधी इथे मुक्कामाला होते. नदीतून काढलेल्या चिखलावर एका राजवटीचे शेवटचे दिवस गेले.

उत्तरेच्या तिआनजिनबद्दल थोडक्यात सांगते. तिथे १८९७ मध्येच आयोग नेमला होता, इंजिनिअर डेन्मार्कचा डे लिंडे. १८९८ पर्यंत हायहे इतकी भरली की आगबोटी शहराच्या धक्क्यापर्यंत पोचेनाशा झाल्या. तिथला उपाय वेगळा होता. नदीची नागमोडी वळणं कापून तिला सरळ आणि आखूड केलं, म्हणजे भरती शहरापर्यंत जोराने पोचेल. पण वरून योंगदिंग नदी कोरड्या मुलखाची पिवळी माती ओततच होती. मुखाशी काम करून उगमाचा गाळ थांबत नाही. हायहेची कथा त्यामुळे मला शांघायपेक्षा थकलेली वाटते.

आता त्या छिंग अधिकाऱ्यांकडे परत यायला हवं. ऑगस्ट १९३७. जपानची इझुमो ही चिलखती युद्धनौका शांघायच्या ऐन मध्यवस्तीसमोर हुआंगपूत उभी होती. तिच्यावर टाकलेले चिनी विमानांचे बॉम्ब चुकून शहरातल्या गर्दीवर पडले आणि शेकडो माणसं मेली. त्याच महिन्यात जपानी फौजा वूसोंगला उतरल्या. आणि चीन सरकार त्या दिवसांत काय करत होतं? यांगत्सेवर जिआंगयिनजवळ स्वतःच्या जुन्या युद्धनौका आणि व्यापारी जहाजं बुडवून नदी अडवत होतं. हुआंगपूतही शहराच्या दक्षिणेला जहाजं बुडवून वाट बंद केली गेली. ज्या अडसरासाठी त्यांचे पूर्वज व्यापाऱ्यांशी भांडले, तोच आता जहाजांचे सांगाडे रचून पुन्हा उभा करायचा प्रयत्न होता. खोल नदी व्यापाऱ्याला जशी आत घेते तशी तोफेलाही घेते, हे त्या अधिकाऱ्यांना साठ वर्षं आधी कळलं होतं. म्हणून गाळ तसाच ठेवायला हवा होता असं मी म्हणणार नाही. शांघाय त्या खोलीवर जगलं, लाखो माणसांच्या पोटापाण्याची सोय तिथे झाली. पण त्यांची भीती खोटी नव्हती.

या भीतीतून वाट काढता येते हे ज्याने दाखवलं त्या माणसासाठी मी हा लेख लिहायला घेतला. झांग जिआन, जन्म १८५३. १८९४ च्या शाही परीक्षेत देशात पहिला आलेला पंडित. दरबारात मानाची जागा मिळत असताना तो यांगत्सेच्या उत्तर काठावरच्या आपल्या नानतोंग गावी परतला आणि त्याने कापडगिरणी काढली. १८९९ मध्ये दाशंग गिरणीचे चाते फिरू लागले. तेव्हा चीनच्या बाजारात परदेशी सूत भरलेलं होतं आणि त्यातलं पुष्कळसं मुंबईच्या गिरण्यांतून आलेलं. गिरणगावातल्या चात्यांवर कातलेलं सूत वूसोंगवरून चीनमध्ये शिरत होतं, आणि झांग जिआन त्याच्याशी सामना करायला उभा राहिला होता.

नानतोंगचं दुखणं शांघायच्या उलट होतं. इथे गाळ साचत नव्हता, यांगत्से काठ खात होती. शेतं, घरं, वाटा नदीत कोसळत होत्या. झांग जिआनने आधी डे राइकलाच शांघायहून बोलावून किनारा दाखवला होता. पैसा उभा राहीपर्यंत वर्षं गेली. दरम्यान १९१५ मध्ये त्याने नानजिंगला होहाय ही जलअभियांत्रिकीची संस्था उभी केली. असं शिक्षण देणारी चीनमधली ती पहिलीच. परदेशी इंजिनिअर किती दिवस पुरणार, आपली मुलं शिकली पाहिजेत, हे त्याने ओळखलं होतं.

१९१६ मध्ये नानतोंगला इंजिनिअर म्हणून आला तो हेन्रिक डे राइक, योहानिसचा मुलगा. पंचविशीतला. बाप तहाच्या कलमाने चालत आलेल्या कामावर होता. मुलगा एका चिनी गृहस्थाच्या आमंत्रणावरून, त्याच्या पगारावर, त्याच्या गावच्या लोकांची शेतं वाचवायला आला. त्याने काठापासून नदीत शिरणारे आडवे बांध घातले, म्हणजे प्रवाहाची धार काठापासून दूर सरकते. समुद्राकडच्या बाजूला खारं पाणी अडवून पावसाचं पाणी सोडणाऱ्या झडपांचे दरवाजे बांधले. बांध, फांद्यांच्या चटया, दगड हे सगळं बापाच्याच घरातलं ज्ञान. काम मात्र कोणाचं, याचं उत्तर पार बदललं होतं.

ऑगस्ट १९१९ मध्ये कामावर असतानाच त्याला पटकी झाली. वय एकोणतीस. झांग जिआनने त्याला नानतोंगच्या लांगशान टेकड्यांच्या परिसरात पुरलं आणि त्याचा मृत्युलेख स्वतः लिहिला. शाही परीक्षेत पहिल्या आलेल्या पंडिताने एका परदेशी पोराकरता लिहिलेला मजकूर. त्याची उरलेली कामं त्याच्याबरोबर वावरलेल्या सोंग शीशांग या तरुण चिनी इंजिनिअरने पुढे नेली. होहायमधून बाहेर पडलेली मुलं पुढे देशभरातल्या नद्यांवर गेली. ती संस्था आज नानजिंगमध्ये मोठं विद्यापीठ आहे.

वूसोंगचा बांध पाहून झाला. पुन्हा त्या बाजूला जाणं झालं तर शांघायला न थांबता आधी यांगत्से ओलांडून नानतोंगला जायचं आहे. ते आडवे बांध आज कुठल्या धक्क्यांखाली आणि कुठल्या नव्या दगडांखाली गेलेत ते काठाकाठाने चालत शोधायचं आहे. नकाशे गोळा करायला सुरुवात केली आहे.